मोमेनाचं खोकं

माझं अक्षर चांगलं होतं. कौतुक म्हणून सांगत नाही. या प्रकरणात जे घडलं ते त्या अक्षरामुळे घडलं, म्हणून आधीच सांगून टाकते. शाळेत बाई माझी वही वर्गभर फिरवायच्या, आई ते आळीभर सांगत सुटायची, आणि मग कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाची माहेरी धाडायची चिठ्ठी, कुणाच्या लग्नपत्रिकेवरची नावं, सगळं आमच्या उंबऱ्यावर यायचं. मी पाटावर बसून, जीभ दाताखाली धरून लिहायची. लिहून झालं की माणसं कागद उजेडात धरून म्हणायची, मोत्यासारखं आहे. त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, पण मी चांगलीच शेफारले होते.

आमचं घर भिवंडीत खाडीकडच्या अंगाला, दोन खोल्यांचं, वर पत्रे. मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना. माग चालू असले की भिंत थरथरायची आणि फळीवर मांडलेले पेले दिवसभरात मुंगीच्या पावलाने सरकत कडेला यायचे. दिवेलागणीच्या आधी आई ते एकेक करून मागे ढकलायची. लग्नानंतर मी शांत घरात गेले तेव्हा कितीतरी दिवस संध्याकाळ झाली की माझा हात आपोआप फळीकडे जायचा. बाबा मिठागरावर कामाला होते. मिठागर बंद पडलं, तिथे भराव पडला, आणि बाबा खाडीच्या चिखलात निवट्या धरायला जाऊ लागले. निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे बोटभर मासे. धरायला अवघड आणि विकायला त्याहून अवघड, म्हणून बहुतेक आमच्याच घरी शिजायचे. चिंच, लाल तिखट आणि ठेचलेली लसूण घालून आई त्यांचं कालवण करायची, सोबत तांदळाची भाकरी. त्या भाकरीत हमखास सुताचा एखादा तंतू निघायचा, कारण आईच्या केसांत, पदरात, भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. बाबा तो तंतू चिमटीत धरून म्हणायचे, आमची बायको भाकरीबरोबर लुगडंही वाढते. आई हसायची नाही. घर तिच्या हातावर चालत होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं.

आई कांडी भरायला जायची. मागावर आडवा धागा ज्या धोट्यातून पळतो, त्या धोट्यात घालायची ती कांडी. तिच्यावर यंत्राने सूत गुंडाळायचं, धागा तुटला की गाठ मारायची, भरली की काढायची, दुसरी लावायची. आमच्या शेठच्या कांडीखात्यात बारा-चौदा बाया होत्या. आमच्यासारख्या खाडीकडच्या आगरी, आणि खैरूनआपा व त्यांच्या आळीतल्या मुसलमान. खैरूनआपांचे आजोबा याच खाडीत पडाव चालवायचे, आणि आपली बोली बोलताना त्या आईपेक्षाही जास्त इथल्या वाटायच्या. मजुरी खोक्यावर मिळायची. प्रत्येकीचं आपलं एक लाकडी खोकं, आणि मुकादम खोक्यांची अदलाबदल करतो म्हणून प्रत्येक खोक्यावर नाव, निळ्या रंगात, माझ्या हातचं. त्या खात्याची एक रीत होती. भाव पटला नाही, मोटर बिघडली, मुकादम वाकडं बोलला, की बाया खोकं रिकामं करून पालथं घालायच्या आणि त्यावर बसून राहायच्या. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. कुणी लसूण सोलायची, कुणी पोरीची वेणी घालायची. सगळी खोकी पालथी झाली की शेठ माडीवरून खाली यायचे आणि काहीतरी तोडगा निघायचा. पण एक जरी खोकं उताणं राहिलं तर ते यायचे नाहीत, कारण एक चालू आहे म्हणजे खातं चालू आहे. हा नियम कुणी केला होता देव जाणे, पण दोन्ही बाजू तो पाळायच्या.

मी दहावीची परीक्षा देऊन आईसोबत जाऊ लागले, कॉलेजची फी जमेल म्हणून. त्याच सुमाराला आमच्यातली एक बाळंतपणाला गेली आणि तिच्या जागी मुकादमाने मोमेनाला आणली. विशीची असेल, काटकुळी, नाकात चमकी, हिंदी बोलायची पण तिचं हिंदी कुठेतरी वेगळ्याच पाण्यात भिजलेलं. नवरा तिचा मागावर. पहिल्या दिवशी तिला गाठ येत नव्हती. गाठ एका हाताने मारावी लागते, दुसरा हात यंत्रावर असतो. आईने मला सांगितलं, दाखव तिला. मी दाखवली. तीन दिवसांत ती माझ्यापेक्षा भरभर मारू लागली आणि आठवड्यात आईपेक्षाही. दुपारी डब्यात ती शिळा भात पाण्यात कालवून आणायची, वर कांदा आणि हिरवी मिरची. बाकीच्यांनी नाकं मुरडली, पण आई म्हणाली, आमच्या म्हातारीचं हेच जेवण होतं, आणि तिने त्यातला घास उचलला. त्या दिवसापासून मोमेना आमच्या बाजूला बसू लागली. तिने खोक्यावर नाव घालून मागितलं. मी निळ्या रंगात लिहिलं, मोमेना. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने काना, मात्रा, एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, आणि रंग ओला असल्यामुळे बोट निळं झालं.

वर्षातून एकदा सुट्टीच्या शुक्रवारी सगळ्या बाया एसटीने अकलोलीला जायच्या. कमरा आणि गुडघे शेकायला गरम पाण्याची कुंडं, मग वज्रेश्वरीला ज्यांना दर्शन घ्यायचं त्यांनी घ्यायचं, बाकीच्यांनी बाहेर भेळ खायची. त्या वर्षी मोमेनाही आली. बाकीच्या कुंडात उतरल्या होत्या आणि आम्ही दोघी कडेला पाय सोडून बसलो होतो. पाणी इतकं कढत की पाय लाल झाले. मी सहज विचारलं, तुमच्याकडे असं असतं का? ती म्हणाली, आमच्याकडे नदी आहे, पण गार. मग तिने सांगितलं की ती नदी दोन देशांच्या मध्ये आहे, आणि तिचं गाव नदीच्या पलीकडचं. सगळ्यांना ती कलकत्त्याकडची म्हणून सांगायची. गावाचं नाव तिने मला सांगितलं, घाटावरच्या वडाचं सांगितलं, बापाला घाटावर सोडून कशी निघाली तेही सांगितलं, आणि म्हणाली, "तू लिखी-पढ़ी है, तेरे पेट में बात रहेगी." गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे.

पावसाळा सुरू होता होता मुकादमाने मोमेनाच्या ओळखीच्या आणखी तिघी आणल्या. त्या कमी भावात काम करायच्या हे आम्हाला उशिरा कळलं. कळलं तेव्हा मुकादमाने सगळ्यांनाच तो भाव लावला होता, रुपयाला चार आणे कमी. कुणी बोललं की एकच उत्तर: करना है तो करो, नहीं तो लाइन लगी है. आईने घरी येऊन पेले मागे ढकलले, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली की कॉलेजचं या वर्षी राहू दे. मी रडले नाही. मी जेवले नाही, आणि आईने आग्रह केला नाही.

हल्ली टीव्हीवर या विषयावर माणसं तावातावाने भांडतात. एक म्हणतो, बाहेरचे येऊन आपल्यांचं काम खातात. दुसरा म्हणतो, आपली माणसं ती कामं करायला तयारच नसतात. दोघांपैकी कुणी कांडी भरलेली नाही. आम्ही तयार होतो, पिढ्यान्‌पिढ्या तयार होतो, आणि आमचा भाव खरोखरच पडला, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आमच्या पोटावर पाय आला तो खोटा नव्हता. फक्त पाय कुणाचा, हे बघायला मान वर करावी लागते, आणि माडी उंच होती.

बायांनी खोकी पालथी घातली. त्या चौघींची उताणी राहिली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, शेठ वर चहा पीत राहिले. खात्यात चार यंत्रांचा आवाज, आणि आम्ही बारा जणी त्यांच्याकडे बघत बसलेल्या. मोमेना मान वर करत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी खैरूनआपा तिच्याजवळ गेल्या, पाठोपाठ आई आणि मीही. आपांनी तिला समजुतीने सांगितलं की हे तुझ्याही भल्याचं आहे. मोमेनाने यंत्र थांबवलं नाही. ती म्हणाली, "आपा, तुम बैठेगी तो सेठ नाराज होगा. हम बैठेगी तो सेठ फोन करेगा."

आपांना कळलं. मलाही कळलं. आज वाटतं, सगळं अर्थशास्त्र त्या एका वाक्यात होतं. ती स्वस्त होती कारण तिला नाही म्हणता येत नव्हतं, आणि तिला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून आमच्याही नाहीला किंमत उरली नव्हती. पण सोळा-सतराव्या वर्षी मी त्या वाक्यातून एवढंच उचललं की शेठने फोन केला तर त्या जातील. मग फोन शेठनेच का करायचा?

त्या संध्याकाळी आमच्या घरी पाच-सहा बाया जमल्या. पोलीस चौकीत अर्ज द्यायचा ठरलं. खैरूनआपा शेवटी म्हणाल्या, "उद्या माझ्या पोरीलाही विचारतील, तू कुठली? मी सही करायची न्हाय." आणि उठून गेल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आईने पाट सरकवला, रेघांचा कागद दिला. मी लिहायला बसले. अर्जाचा मायना मला पाठ होता. चार नावं लिहिली. तेवढ्यात एक बाई म्हणाली, नुसत्या नावाने काय होतंय, त्या कलकत्त्याच्या म्हणून सांगतील आणि सुटतील. सगळ्या विचारात पडल्या. मला कुणी विचारलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं की मला काही माहीत आहे. मी मान खाली घालून बसले असते तर तो अर्ज तिथेच लुळा पडला असता.

मी म्हणाले, मला गाव माहीत आहे.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. कॉलेजचा राग होता, आईच्या पाठीचा राग होता, पण त्या क्षणी त्याहून मोठं होतं ते हे, की सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आई म्हणाली, "तिचं बी पोट हाय, मला समजतंय. पन आपलं न्हाय काय? लिव. नीट लिव, खाडाखोड नको." मी नीट लिहिलं. गावाचं नाव, नदीचं नाव, घाटावरच्या वडाची खूणसुद्धा. खाली बायांनी अंगठे उठवले. कागद उजेडात धरून एक म्हणाली, काय अक्षर आहे पोरीचं.

सकाळी आईने जाता जाता चौकीत अर्ज दिला आणि आम्ही खात्यात पोचलो. मोमेना आधीच आली होती. तिचं यंत्र बंद होतं. आम्ही आत शिरलो तसं तिने उठून खोक्यातल्या कांड्या जमिनीवर ओतल्या, खोकं पालथं घातलं आणि त्यावर बसली. मग तिच्या तिघी. तिने रात्रभर विचार केला असेल, नवऱ्याशी भांडली असेल, मला माहीत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी शेठ खाली आले. त्यांनी खोक्यांवरून नजर फिरवली, मुकादमाला काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले की दुपारी जेवणानंतर बसू, भावाचं बोलू. ते वर गेले तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. आई जमिनीकडे बघत होती.

दहा ते दोन. चार तास माझ्या हातात होते. चौकी पायी वीस मिनिटांवर. मी जाऊन सांगू शकले असते की अर्ज चुकीचा आहे, गाव मी मनाने लिहिलं. मोमेनाला कानात सांगू शकले असते, मागच्या दाराने निघ. आईला एकदा पदर ओढून विचारू शकले असते. यातलं मी काहीच केलं नाही. अर्ज ते लगेच थोडेच वाचतील, असं मी स्वतःला सांगत होते, आणि आईही बहुतेक तेच सांगत असावी, कारण आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. दुपारी डबे उघडले. मोमेनाने तिचा भात माझ्यापुढे सरकवला आणि हसून विचारलं, "अब ठीक?"

मी म्हणाले, "ठीक." आणि जेवले. त्या भाताची चव मला आठवते. वर कांदा होता, मिरची होती, मीठ जरा जास्त होतं.

अडीचच्या सुमाराला पोलीस आले. दोन बायका पोलीसही होत्या. कुणी मारहाण केली नाही, ओरडलंही नाही. कागदावरून नावं वाचली, चौघींना उभं केलं. शेठ जिन्यावर येऊन थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो अशा बाया कामाला ठेवल्याचं आता त्यांच्यावरही येणार म्हणून. मोमेनाने कुणाकडे वळून विचारलं नाही की कुणी सांगितलं. तिला विचारायची गरज वाटली नाही. दारातून जाताना ती आईजवळ थांबली. तिने आईचा हात धरला, समजूत घालायला धरतात तसा, आणि म्हणाली, "दीदी, मैंने बोला था ना. हम बैठेगी तो वो फोन करेगा."

बारा बाया उभ्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांचे अंगठे त्या कागदावर होते. खैरूनआपा तेवढ्या तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्या आमच्यापैकी कुणाशी एक शब्दही बोलल्या नाहीत, त्या दिवशीही आणि पुढेही.

भाव महिनाभर पूर्ववत झाला. मग शेठनी कांडीखातंच बंद केलं. कटकट नको, म्हणाले. काम एका ठेकेदाराला दिलं, त्याने गावाबाहेर पत्र्याची शेड घातली, आणि तिथे कोण बाया कांड्या भरतात, कुठून येतात, हे बघायला कुणाला आत सोडायचे नाहीत. आमच्यापेक्षा आणि मोमेनापेक्षाही कमी भावात भरतात, एवढं कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई घरी बसून कापडाचे धागे कापू लागली. मोमेनाचा नवरा पुन्हा कुणाला दिसला नाही. माझं कॉलेज दोन वर्षांनी झालं, बाबांच्या एका भावाने फी भरली. खातं बंद झालं त्या दिवशी बायांनी आपापली खोकी घरी नेली. आईचं मोडलं होतं, म्हणून ती मोमेनाचं घेऊन आली. त्यात ती कांदे ठेवायची, नावाची बाजू भिंतीकडे करून. झाडताना मी एकदा ते सरळ केलं, तर तिने ते पुन्हा फिरवलं. त्या अर्जाविषयी आम्ही मायलेकी मरेपर्यंत बोललो नाही. म्हणजे ती मरेपर्यंत. मग ते खोकं मी माझ्या घरी आणलं.

आता माझं बरं चाललंय. सासरची पडघ्याजवळची शेती आम्ही गोदामाला दिली, त्याचं भाडं येतं. मागच्या महिन्यात गावातली कल्पना नावाची मुलगी माझ्याकडे आली, ती त्या गोदामात पॅकिंगला जाते. ठेकेदाराने नव्या मुली आणल्यात, कुठल्या कुठून, निम्म्या पगारात राबतात आणि आमच्या पाच जणींना उद्यापासून नको म्हणून सांगितलं, असं तिचं म्हणणं. खरंच असणार. तिने स्वयंपाकघरातलं ते खोकं ओढलं, कांदे खाली काढले, पालथं घातलं आणि त्यावर बसून पिशवीतून कोरा कागद काढला. म्हणाली, "काकू, तुमचं अक्षर चांगलं हाय. एक अर्ज लिवून द्या."

मला तिला सगळं सांगायचं होतं. आधी त्या मुलींशी बोल, हे तर नक्की सांगायचं होतं. पण त्या बोलण्याचा पुढचा टप्पा गोदामापर्यंत येतो, आणि गोदामाच्या जागेचं भाडं माझ्या घरात येतं. त्या मुली कुठल्या, हे मीही ठेकेदाराला कधी विचारलेलं नाही. आता माडीवर मी बसले आहे. मी तिला चहा दिला आणि डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. ती गेली, कुणाकडून तरी लिहून घेईलच.

कांदे परत भरताना मी नावावरून बोट फिरवलं. रंग बराच उडालाय, पण वाचता येतं. मोमेना जिवंत असेल तर आता माझ्याच आगेमागे साठीला आली असेल. ती नदीच्या पलीकडे पोचली की मध्येच कुठे अडकली, मला ठाऊक नाही. पोचली असेल, आणि कधी नातवंडांना भिवंडीचं सांगत असेल, तर काय सांगत असेल ते मात्र मला ठाऊक आहे. शेठ वाईट होता, त्याने फोन केला, असं सांगत असेल. पण बाया चांगल्या होत्या. त्यात एक शिकलेली पोरगी होती, तिने मला गाठ मारायला शिकवलं, आणि माझं नाव लिहून दिलं.